सहकुटुंब अलास्कात, सॅमन गरवायला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की अमेरिकेतल्या मराठी घरांतून अलास्काची विचारणा होऊ लागते. कुणाच्या मुलांनी मासे धरायचा हट्ट धरलेला असतो, कुणाचे आईवडील रत्नागिरीहून किंवा पुण्याहून सहा महिने राहायला आलेले असतात आणि त्यांना घेऊन कुठेतरी लांब जायचं असतं. खालची उत्तरं मुख्यतः अँकरेजच्या दक्षिणेकडच्या केनाय द्वीपकल्पाबद्दल आहेत. पहिल्यांदाच तंबू घेऊन निघालेल्या कुटुंबाला मी हीच जागा सुचवतो. इथे गाडी थेट पोचते, शौचालय असतं, आणि तरीही नदीच्या पलीकडच्या काठावर अस्वल मासे खात उभं असू शकतं.

नेमकं जायचं कुठे?

अँकरेजहून सुअर्ड हायवे धरायचा. उजव्या हाताला टर्नअगेन आर्म नावाची खाडी बराच वेळ सोबत करते. पुढे स्टर्लिंग हायवेला वळलं की कूपर लँडिंग हे छोटं गाव येतं. अंतर सुमारे 160 किलोमीटर, वेळ दोन तास. जुलैतल्या शनिवार-रविवारी मात्र अर्धं अँकरेज याच रस्त्यावर असतं, तेव्हा शक्यतो मंगळवार-बुधवार साधावा.

कूपर लँडिंगच्या थोडं पुढे रशियन रिव्हर ही लहान, स्वच्छ पाण्याची नदी केनाय नदीला मिळते. केनायचं पाणी हिरवट निळं दिसतं, कारण हिमनद्यांनी दळलेलं खडकाचं पीठ त्यात तरंगत असतं. दोन रंगांची पाणी एकमेकांत मिसळतात तिथेच सॅमनची आणि माणसांची सगळ्यात जास्त गर्दी. चुगॅच राष्ट्रीय वनाचं रशियन रिव्हर कॅम्पग्राउंड याच ठिकाणी आहे. त्याचं आरक्षण लवकर संपतं आणि हंगामात एका कुटुंबाला तिथे सलग फार दिवस राहू देत नाहीत. लहान मुलं बरोबर असतील तर मी केनाय सरोवराच्या काठचं क्वार्ट्‌झ क्रीक निवडेन. तिथे शांतता असते, आणि मासे धरायला गाडीने जाऊन परत येता येतं.

केनाय पार करून पलीकडच्या काठावर जायला एक तराफा आहे. त्याला इंजिन नाही. तारेला बांधलेली होडी तिरकी धरली की नदीचा प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. मुलांना हे कसं घडतं ते बघू द्या, घाई करू नका.

ही जागा डेनाइना या इथल्या मूळ रहिवाशांची. हजारो वर्षं ते या नदीवर सॅमन धरत आले आहेत. नदीला ते काहत्नू म्हणतात. त्यांच्यातल्याच केनायत्झी जमातीने रशियन रिव्हरजवळच कबेक नावाचं एक सांस्कृतिक स्थळ जपलं आहे. तिथे जुन्या घरांचे आणि मासे साठवायच्या खड्ड्यांचे अवशेष लाकडी पायवाटेवरून बघता येतात. हातात रॉड घेण्याआधी मुलांना तिथे नेलं तर नदीकडे बघायची त्यांची नजर बदलते, असा माझा अनुभव आहे.

जाता-येता एक पथ्य पाळा. टर्नअगेन आर्मला ओहोटी लागली की करड्या चिखलाचं मोठं मैदान उघडं पडतं आणि ते चालण्याजोगं दिसतं. त्यावर पाऊल ठेवू नका. हा हिमनदीचा बारीक गाळ आहे, पाय रुतला की घट्ट आवळतो, आणि भरती फार वेगाने येते. फोटो रस्त्यावरूनच काढा.

कोणत्या महिन्यात जावं?

अलास्कात सॅमनच्या पाच जाती आहेत: किंग, सॉकाय, कोहो, पिंक आणि चम. कुटुंबासाठी महत्त्वाचा सॉकाय. रशियन रिव्हरमध्ये त्याच्या दोन लाटा येतात. पहिली जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, दुसरी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. तिथला हंगाम साधारणपणे 11 जूनला उघडतो आणि पहिल्या दिवशी खांद्याला खांदा लागेल इतकी माणसं असतात. नवख्यांनी तो दिवस टाळलेला बरा.

मला जुलैचा शेवटचा आठवडा आवडतो. दुसरी लाट जोरात असते, डास जूनच्या मानाने कमी झालेले असतात, फायरवीडची जांभळी-गुलाबी फुलं रस्त्याच्या दोन्ही कडांना फुललेली असतात. ऑगस्टमध्ये पाऊस वाढतो, पण कोहो सुरू होतो, आणि सम वर्षी केनायमध्ये पिंक सॅमन अक्षरशः लोटतात. नवशिक्या मुलांना पिंकसारखा मासा नाही. तो आकाराने लहान, पण गळाला उत्साहाने लागणारा.

जूनच्या अखेरीस अँकरेजला दिवस 19 तासांहून मोठा असतो आणि उरलेल्या वेळातही पूर्ण काळोख होत नाही. मुलं रात्री अकरा वाजता तंबूबाहेर खेळत राहतात. डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या न्या आणि घड्याळ बघून जेवा-झोपा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळेच चिडचिडे होतात.

परवाना कुणाकुणाला लागतो? भारतातून आलेल्या आईबाबांना मिळतो का?

मिळतो. अलास्काबाहेरून आलेल्या 16 वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येकाला राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याचा परवाना लागतो. तो ऑनलाइन काढता येतो, एका दिवसापासून वर्षभरापर्यंतचा असतो. तुम्ही टेक्सासचे असा किंवा टिळक रोडचे, खात्याच्या लेखी दोघेही बाहेरचेच. 16 खालच्या मुलांना परवाना लागत नाही, पण मर्यादा त्यांनाही लागू. मुलाच्या वाट्याचे मासे वडिलांनी धरून चालत नाही. ज्याच्या नावावर मासा, त्याचाच हात रॉडवर हवा.

दिवसाला किती मासे ठेवायचे ही मर्यादा नदीगणिक आणि जातीगणिक वेगळी असते. रशियन रिव्हरवर सॉकायची नेहमीची मर्यादा माणशी तीन. पण हा आकडा पाठ करून निघू नका. सरोवराकडे किती मासे पोचले हे खातं रोज मोजतं. कमी आले तर नदी तात्काळ बंद होते, भरपूर आले तर मर्यादा वाढते. असे आदेश दोन-दोन दिवसांत बदलू शकतात. निघायच्या दिवशी सकाळी खात्याचं संकेतस्थळ बघायचंच.

केनायच्या मुखाशी लोक मोठमोठ्या जाळ्यांनी मासे काढतात. आपल्याला जमेल का?

नाही. ती मासेमारी फक्त अलास्कात किमान 12 महिने स्थायिक असलेल्यांसाठी आहे आणि केनायच्या मुखाशी ती 10 ते 31 जुलै चालते. त्यांची वर्षभराची मासळी त्यातून येते. पाहुण्याने जाळ्याला हात लावून मदत करणंही नियमात बसत नाही. काठावर उभं राहून बघा मात्र जरूर.

मुलांना जमेल का? मासा गळाला लागतो तरी कसा?

सॉकाय समुद्रात बारीक प्लवक खाऊन वाढतो आणि नदीत शिरल्यावर खाणं सोडतो. त्यामुळे आमिष लावून, ओट्यावर बसून वाट बघण्यात अर्थ नाही. कोकणात गरी घालून बसायची सवय असलेल्या आमच्या काकांना सुरुवातीला हे पटतच नव्हतं.

सॉकाय काठाला धरून वर सरकतो, बऱ्याचदा गुडघाभर पाण्यातून, तुमच्या पायांपासून दोन-तीन मीटरवरून. म्हणून नदीत आत जायचंच नाही. आत गेलात तर मासे तुमच्या पाठीमागून जातील. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहा. दोरी फार सोडू नका, पाच-सहा मीटर पुरे. वरच्या दिशेला तिरकी टाका, शिशाचं वजन तळाच्या गोट्यांवर टक-टक लागत प्रवाहाबरोबर खाली येऊ द्या, रॉडचं टोक त्याच्या मागोमाग फिरवा, आणि दोरी खालच्या बाजूला ताणली गेली की पुन्हा उचलून वर टाका. ती टक-टक मनगटाला जाणवायला हवी. ती थांबली आणि दोरी जड झाली, की मासा. रॉड बाजूला, पाण्यालगत ओढायचा, वर उचलायचा नाही. दहा वर्षांच्या मुलीला ही लय मोठ्यांपेक्षा लवकर सापडते, कारण ती ताकद लावत बसत नाही.

मासा लागला की मोठ्याने ‘फिश ऑन’ ओरडायचं. शेजारचे लोक आपापल्या दोऱ्या उचलून वाट देतात. दुसऱ्याच्या वेळी तुम्हीही तेच करायचं. मासा तोंडातच लागलेला हवा. पाठीत, पोटात, शेपटीत गळ रुतला असेल तर गोड्या पाण्यात तो मासा ठेवणं बेकायदा आहे, तो पाण्यातून बाहेर न काढता लगेच सोडायचा. मुलं रडतात, खरं आहे. पण हा नियम आधी घरीच समजावून ठेवला तर काठावर वाद होत नाही.

आठ वर्षांखालच्या मुलांना या गर्दीत उभं करू नका. ताणलेली दोरी सुटली की वजन आणि गळ गोळीसारखे मागे येतात. चष्मा सगळ्यांनीच घालायचा, काठावर नुसतं बघत बसलेल्या आजीनेसुद्धा. लहान मुलांसाठी होमर स्पिट या समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या पट्टीवरचं सॅमन सोडलेलं तळं किंवा होप गावची रेझरेक्शन क्रीक, जिथे जुलै-ऑगस्टमध्ये पिंक येतात, या जागा जास्त योग्य.

साहित्य काय आणि कुठून घ्यावं?

सगळं विकत घेऊ नका. रॉड, रीळ आणि वेडर्स (पाण्यात उभं राहायला घालायचा, बुटांसकटचा जलरोधक पोशाख) अँकरेजला आणि कूपर लँडिंगला भाड्याने मिळतात. रशियन रिव्हरच्या परिसरात गळाबद्दल कडक नियम आहेत. एकच टोक असलेला गळ, टोक आणि दांडी यांतलं अंतर 3/8 इंचापेक्षा जास्त नको, आणि वजन गळापासून किमान 18 इंच वर. दुकानात ‘रशियन रिव्हर फ्लाय’ (केसांचा झुबका बांधलेला गळ) मागितली की बरोबर तीच मिळते.

वेडर्सच्या तळाला फेल्ट (नमदा) असेल तर ते घरीच ठेवा. फेल्टमध्ये परक्या पाण्यातले सूक्ष्मजीव चिकटून येतात, म्हणून अलास्काने 2012 पासून गोड्या पाण्यात त्यांना मनाई केली आहे. छातीपर्यंतच्या वेडर्सना कमरेचा पट्टा घट्ट बांधा. पडलात तर पाणी पटकन आत भरत नाही.

केनायचं पाणी भर उन्हाळ्यातही बोचरं थंड असतं. पोहता येणाऱ्या माणसाचाही त्यात काही क्षणांत श्वास अडकतो. मुलांना काठावरही लाइफ जॅकेट घालाच. होडीत 13 वर्षांखालच्यांना ते कायद्यानेच सक्तीचं आहे. बऱ्याच होडी-धक्क्यांवर मुलांसाठी जॅकेटं टांगून ठेवलेली असतात, वापरायची आणि परत लावायची.

अस्वलांचं काय? खरंच धोका आहे का?

अस्वलं आहेत, नेहमी असतात, आणि ती आपल्या आधीपासून या माशांवर जगत आली आहेत. रशियन रिव्हरवर तपकिरी आणि काळी दोन्ही दिसतात. हजारो कुटुंबं दर वर्षी सुखरूप जाऊन येतात. बहुतेक वेळा गडबड होते ती एकाच कारणाने: अस्वलाला माणसाकडून अन्न मिळतं. एकदा मिळालं की ते पुन्हा येतं, धीट होतं, आणि शेवटी बहुतेकदा त्याला गोळी घालावी लागते. त्यामुळे वास आवरणं हे आपल्या रक्षणापेक्षाही त्याच्या रक्षणाचं काम आहे, असं मी मानतो.

तंबूत खायचं काहीही नको. यात चिवड्याची पुडी, लोणच्याची बाटली, मुलांच्या खिशातली गोळी, टूथपेस्ट, खोबरेल तेल आणि क्रीम सगळं आलं. मराठी घराच्या सामानात वासाच्या वस्तू जरा जास्तच असतात. गरम मसाला, हिंग, सुका जवळा, फरसाण, सगळं एका पेटीत घालून कॅम्पच्या लोखंडी कपाटात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत. साधा कूलर अस्वल सहज उघडतं, तो टेबलावर ठेवून फिरायला जायचं नाही. माशाचं रक्त लागलेले कपडेही तंबूत नेऊ नका.

नदीवर तुमची पिशवी आणि धरलेले मासे कायम हाताशी हवेत. अस्वल येताना दिसलं तर गळ बाहेर काढा, सामान आणि मासे उचला, मुलांना मधे घ्या आणि एकत्र हळूहळू मागे सरका. शांत, ठाम आवाजात बोलत राहा. पळायचं मुळीच नाही. मासा गळाला लागलेला असताना अस्वल त्याच्याकडे वळलं, तर दोरी कापून टाका. मासा फडफडायचा थांबतो आणि अस्वलाचं लक्ष दुसरीकडे वळतं. तो मासा गेला तर गेला.

बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा) प्रत्येक मोठ्या माणसाच्या पट्ट्याला हवा, पिशवीत खोल नको. विमानात तो हातातल्या किंवा चेक-इन कोणत्याच सामानात चालत नाही. शेगडीच्या गॅसचंही तेच. दोन्ही अँकरेजला उतरल्यावर घ्या. अंगावर येणाऱ्या अस्वलावर साधारण दहा मीटरवरून, थोडा खाली रोख धरून मारायचा. कपड्यांवर किंवा तंबूवर डासांच्या औषधासारखा फवारायचा नसतो, उलट त्याच्या वासाने अस्वल कुतूहलाने जवळ येऊ शकतं.

आणि मूस या भल्यामोठ्या हरणाला विसरू नका. पिलू बरोबर असलेली मादी मूस अतिशय तापट असते. तिच्यापासून भरपूर लांब राहा. ती अंगावर धावली तर मात्र पळायचं आणि जाड झाडाच्या आड जायचं.

मासा काठावर आल्यावर पुढे काय करायचं?

मला सगळ्यात जास्त कळकळ या प्रश्नाची आहे. तीन हजार मैलांवर येऊन धरलेला मासा लोक उन्हात, प्लास्टिकच्या पिशवीत तीन तास ठेवतात, आणि मग ‘सॅमनला वास फार येतो’ म्हणतात.

पहिली गोष्ट, डोक्यावर डोळ्यांच्या जरा मागे लाकडी दांडक्याचा एक जोरदार फटका. मासा तडफडत ठेवू नका. लगेच कल्ल्याची एक कमान कापा आणि मासा दोरीला बांधून वाहत्या पाण्यात सोडा. काही मिनिटांत रक्त निघून जातं, मग पाणी लाल होत नाही. असा मासा शिजवलात की मांस स्वच्छ, केशरी-लाल राहतं आणि उग्र वास येत नाही. रक्त न काढलेल्या माशाच्या कण्यालगत काळपट पट्टा उरतो आणि वास तिथूनच सुरू होतो. पुढचं काम पोट साफ करण्याचं. शेपटीकडच्या छिद्रापासून कल्ल्यांपर्यंत सुरी फिरवा, आतडी काढा आणि कण्याला चिकटलेली रक्ताची गाठ चमच्याने खरवडून टाका. मग बर्फ. कूलरमध्ये बर्फ आणि थोडं पाणी असा लगदा करा, नुसत्या बर्फापेक्षा मासा त्यात लवकर गार होतो.

काठावर सांगाडा टाकून जायचं नाही. अस्वलांना तिथे बोलावण्याचा तो सोपा मार्ग आहे. एक तर मासा अख्खा बरोबर न्या, नाहीतर सांगाड्याचे लहान तुकडे करून खोल, वेगाने वाहणाऱ्या पाण्यात फेका.

मादीच्या पोटात केशरी गाबोळीच्या दोन लांब पिशव्या निघतात. बरेच जण त्या फेकतात किंवा दुसरीकडे आमिषाला वापरतात. तुम्ही फेकू नका. वरचा पातळ पडदा न फाडता हळद, तिखट, मीठ आणि आमसुलाचं पाणी लावा, रव्यात घोळवा, मंद आचेवर झाकण ठेवून भाजा. झाकण हवंच. सॅमनची अंडी मोठी असतात, तापली की फुटून तेल उडवतात.

हा मासा रावससारखा करायचा का?

रावस वेगळा. तो आपल्या किनाऱ्याचा, दाढ्यांसारखे धागे असलेल्या माशांच्या कुळातला, पांढऱ्या मांसाचा, सौम्य. सॉकायचं मांस गडद लाल, घट्ट आणि चवीला दणकट. माझ्या मते त्याला बांगड्याची वागणूक जास्त मानवते. तिरफळ, आमसूल, लाल मिरची, ओलं खोबरं. नाजूक, दुधाळ रस्सा याच्यापुढे हरवून जातो.

तळताना तेल अगदी थोडं, आधी कातडीची बाजू तव्याला. तुकडी दोन-अडीच सेंटीमीटर जाड असेल तर एकूण सहा-सात मिनिटं पुरतात. वर पांढरा चिकट पाझर दिसू लागला की आच जास्त झाली, उतरवा. सॉकाय पटकन कोरडा होतो.

हे सगळं दिवसा, तंबूपासून दूर करा आणि भांडी तिथल्या तिथे घासून टाका. रात्रीच्या जेवणाला मेतकूट-भात, पिठलं किंवा भाजणीचं थालीपीठ. भाजणी हलकी, टिकाऊ, पटकन होणारी, आणि तिचा घमघमाट माशाच्या मानाने काहीच नाही.

ताजा आहे म्हणून कच्चा खाल्ला तर?

नको. रानातल्या सॅमनमध्ये जंत असतात, ताजेपणाशी त्याचा संबंध नाही. कच्चा खायचाच असेल तर आधी उणे 20 अंश सेल्सियसला सात दिवस गोठवलेला हवा. घरातल्या साध्या फ्रीजरचा भरवसा धरू नका. शिजवलेल्या माशात ही काळजी उरत नाही.

थंडी, डास, पाणी, झाडंझुडपं यांची काय तयारी?

दिवसा 15 ते 20 अंश, रात्री 7-8 पर्यंत उतरतं. महाबळेश्वरच्या हिवाळ्याएवढे कपडे आणि त्यावर पक्का रेनकोट. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही, टाळा. डासांमुळे इथे मलेरिया किंवा डेंग्यू होत नाही, पण चावतात भरपूर. डीट असलेलं मलम आणि डोक्यावरून घ्यायची जाळी, दोन्ही न्या.

ओढ्याचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं तरी उकळून किंवा गाळून प्या, जिआर्डिया नावाचा पोटाचा परजीवी त्यात असतो.

वाटेच्या कडेला मोठ्या पानांची, पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांची उंच झाडं दिसतील. स्थानिक लोक त्याला पुश्की म्हणतात. त्याचा रस अंगाला लागून ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात. मुलांना त्याच्या पोकळ देठांच्या पिपाण्या करू देऊ नका. जुलैअखेर जंगलात ब्लूबेरी पिकते, खुशाल खा. चकचकीत लाल किंवा पांढऱ्या फळांचे घोस असलेली बेनबेरी मात्र विषारी आहे. ओळख पटली नाही तर तोंडात टाकायचं नाही, हा नियम मुलांना पुरतो.

घरात शाकाहारी मंडळी आहेत, आजोबांना चालवत नाही. त्यांनी यावं का?

जरूर यावं. रशियन रिव्हरच्या धबधब्यापर्यंत सुमारे चार किलोमीटरची सोपी वाट आहे. तिथे सॅमन पाण्याच्या भिंतीवर उड्या मारताना दिसतात, पुन्हा पडतात, पुन्हा मारतात. तेवढं चालवत नसेल तर अँकरेजजवळच्या पॉटर मार्शवर लाकडी पूल आहे, व्हीलचेअरसुद्धा जाते. शाकाहारींसाठी वेगळा तवा आणि वेगळी सुरी न्या, आणि हे निघण्यापूर्वी ठरवा.

मुलं विचारतात, हे मासे शेवटी मरतात का?

हो, पॅसिफिक सॅमन अंडी घातल्यावर मरतात. सॉकायची पिल्लं एक-दोन वर्षं सरोवरात वाढतात, मग समुद्रात जातात, दोन-तीन वर्षांनी आपल्याच नदीत परततात. समुद्रात दिशा दाखवायला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मदत करतं, आणि किनाऱ्याजवळ आल्यावर जन्मनदीचा वास. परतताना चंदेरी सॉकाय लालभडक होतो, डोकं हिरवं पडतं, नराला कुबड आणि वाकडा जबडा येतो. ते मेलेले मासे अस्वलं, गरुड, किडे खातात. समुद्रातून आणलेला नायट्रोजन असा काठच्या स्प्रूस झाडांच्या मुळांपर्यंत पोचतो आणि सरोवरातल्या पुढच्या पिल्लांचं खाणंही त्यावर पोसलं जातं. मुलांपासून हे लपवू नका. काठावर पडलेला, अजून कल्ले हलवणारा लाल मासा त्यांना दिसणारच आहे. त्याला ढोसू नये, दगड मारू नये, एवढं सांगा.

फोटोतला तो भला मोठा किंग सॅमन आपण धरू शकतो का?

केनायमध्ये सध्या त्याची आशा धरू नका. एके काळी याच नदीने जगातले सगळ्यात मोठे किंग दिले. 1985 साली इथे रॉडवर धरलेला 97 पौंडांचा किंग हा आजही विक्रम आहे. आता संख्या इतकी घटली आहे की अलीकडच्या वर्षांत तिथे किंगची मासेमारी बंदच ठेवली गेली. उत्तरेला युकॉन नदीवर परिस्थिती आणखी वाईट. 2024 साली अलास्का आणि कॅनडा यांनी तिथली किंगची मासेमारी सात वर्षं बंद ठेवायचं ठरवलं. त्या काठच्या आदिवासी गावांत आजीने नातवाला मासे कापायला, सुकवायला शिकवायचे दिवसच त्यामुळे गेले. आपल्याला एका सुट्टीचा फोटो हुकतो, त्यांचं वर्षाचं अन्न आणि शिकवण दोन्ही अडतं. त्यामुळे ‘चुकून किंग लागला तर?’ याचं उत्तर सरळ आहे. पाण्यातच ठेवून, फोटोसाठी न उचलता, ताबडतोब सोडा.

त्याच्यासाठी ओळख हवी. किंगच्या पाठीवर आणि शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर काळे ठिपके, आणि हिरड्या काळ्या. कोहोच्या शेपटीच्या वरच्याच पाकळीवर ठिपके, हिरड्या पांढुरक्या. सॉकायच्या पाठीवर आणि शेपटीवर स्पष्ट ठिपके नसतात.

फोनला रेंज असते का?

कूपर लँडिंगला तुटक, जंगलात नाही. नकाशे आधी उतरवून ठेवा, आणि लांबच्या वाटांवर जाणार असाल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने घ्या.

मासे घरी कसे न्यायचे?

केनाय द्वीपकल्पावरच्या सोल्डोत्ना गावात आणि अँकरेजला मासे व्हॅक्यूम पॅक करून गोठवून देणारी दुकानं आहेत. सहलीच्या शेवटच्या दिवशी मासे दिलेत तर गोठायला वेळ मिळत नाही, किमान एक दिवस आधी द्या. ती मेण लावलेल्या खोक्यात भरून देतात. खोकं 50 पौंडांच्या आत ठेवा, म्हणजे चेक-इन सामानात जातं. ड्राय आइस घालणार असाल तर विमानात माणशी अडीच किलोची मर्यादा आहे आणि खोक्यावर तसं लिहावं लागतं. नीट गोठलेल्या माशाला घट्ट खोक्यात सहसा त्याची गरज पडत नाही. पाकिटावर तारीख आणि नदीचं नाव लिहा, सहा महिन्यांच्या आत संपवा. आणि जेवढे खरंच खाल तेवढेच धरा. घरच्या फ्रीजरमध्ये किती जागा आहे हे निघण्यापूर्वी बघून ठेवा, मर्यादा तीनची असली तरी दोनवर थांबता येतं.